उपग्रहीय स्थाननिश्चिती आणि जिओकॅशिंग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे केवळ शोधांची जंत्री नव्हे. शोधाचा लाभ कोणास द्यावयाचा, याविषयीच्या निर्णयांचाही तो इतिहास असतो. अक्षांश-रेखांशांच्या आधारे दडविलेली डबी शोधण्याचा जिओकॅशिंग हा छंद या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

शास्त्रीय पार्श्वभूमी :
४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ अवकाशात सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर व जॉर्ज वायफेनबाख यांनी त्याच्या संदेशांच्या वारंवारतेतील डॉप्लर बदलावरून त्याची कक्षा निश्चित केली. कक्षा ज्ञात असल्यास उलट रीतीने पृथ्वीवरील स्थान काढता येईल, हे १९५८ मध्ये फ्रँक मॅक्लूर यांनी ओळखले. त्यातून अमेरिकी नौदलाची ‘ट्रान्झिट’ प्रणाली साकारली.

१९७८ पासून सोडलेल्या जीपीएस उपग्रहांचे तत्त्व निराळे आहे. सुमारे २०,२०० कि.मी. उंचीवरून संदेश येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर मोजले जाते. स्थानासाठी तीन, तर ग्राहकयंत्राच्या घड्याळातील चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. सापेक्षता सिद्धांतानुसार उपग्रहावरील घड्याळे दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. एका मायक्रोसेकंदात प्रकाश सुमारे ३०० मीटर जातो, हे ध्यानी घेता या दुरुस्तीची अपरिहार्यता स्पष्ट होते.

धोरण आणि छंद :
विज्ञान सिद्ध होते. अडसर धोरणाचा होता. लष्करी हितासाठी नागरी संदेशांत हेतुपुरस्सर दोष मिसळला जाई व चूक सुमारे १०० मीटरपर्यंत जाई. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही पद्धत थांबविण्याची घोषणा केली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीकनजीक एक बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली.

यामागील गणित साधे आहे. १०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे ३१,४०० चौ.मी. भूमी व्यापते, १० मीटर त्रिज्येचे केवळ ३१४ चौ.मी. चूक दहापट घटली की शोधक्षेत्र शंभरपट घटते. जे एरवी रानोमाळ भटकणे ठरले असते, तो त्यामुळे खेळ झाला.

निष्कर्ष :
दोन दिवसांत ना नवा उपग्रह लागला, ना नवा सिद्धांत. बदलला तो केवळ शासकीय निर्णय. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते जनसामान्यांस लाभणे यांतील अंतर अनेकदा प्रयोगशाळेत नव्हे, तर राज्यव्यवस्थेत मोजावे लागते, हेच या छोट्या छंदाच्या इतिहासातून दिसून येते.