जात्यावरच्या ओव्यांचे डिजिटल रूप

डिजिटल माध्यम म्हणजे येथे केवळ साठवणीचे साधन नव्हे, तर ध्वनी, चित्रफीत, छायाचित्र आणि मजकूर एकत्र गुंफून घडणारे स्वतंत्र कलारूप अभिप्रेत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून जमवलेल्या १ लाखाहून अधिक ओव्या २०१७ पासून ‘पारी’ (ग्रामीण भारताचा लोकसंग्रह) या डिजिटल संग्रहात क्रमाने येऊ लागल्या, आणि छापील पुस्तकात जे हरवते, म्हणजे गाणारीचा श्वास, शब्दावर लांबणारा सूर, दुसरीने धरलेली ओळ, ते अर्थासोबतच कानी पडू लागले. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवरील फवारणीमुळे झालेल्या विषबाधेचे वृत्तांतही याच संग्रहात आहेत. श्रमाचे गाणे आणि श्रमाची हानी यांचे हे सान्निध्य विशेष मोलाचे आहे.