एआय कोडिंग सहायकाची ‘अनुभव वही’ : काय असते, कशी चालते, काय जपायचं?

भोपाळ : वनखात्यातला अधिकारी काही वर्षांनी बदलून जातो, जंगल मात्र तिथंच राहतं. म्हणून जंगलाचे कक्ष पाडून प्रत्येक कक्षाचा इतिहास लिहून ठेवायची जुनी पद्धत आहे. कुठं कोणती लागवड केली, कुठली जगली नाही, आग कधी लागली, हे नव्या अधिकाऱ्याला त्यातून कळतं. साधारण दहा वर्षांची कार्य आयोजना करताना या नोंदींचा आधार घेतला जातो. असं वनांचं व्यवस्थापन शिकवणारी, १९८२ मध्ये स्थापन झालेली भारतीय वन व्यवस्थापन संस्था इथल्या नेहरू नगरातच आहे. आता संगणकाचा कोड लिहून देणाऱ्या एआय सहायकांसाठीही अशीच वही ठेवली जाऊ लागली आहे.

दर वेळी कोरी पाटी

क्लॉड कोड, कर्सर, गिटहब कोपायलट हे सहायक कोड लिहितात, चुका शोधतात, चाचण्या चालवतात. पण नवं सेशन उघडलं की कालचं बोलणं त्यांच्यासमोर आपोआप असेलच असं नाही. काल आपण चूक दाखवली, त्यानं दुरुस्तही केली, म्हणून मूळ मॉडेल शिकलं असं होत नाही. ती दुरुस्ती त्या संभाषणापुरतीच राहते. आज परत तीच चूक, परत तेच समजावणं.

वही कुठं असते?

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे कोडच्या फोल्डरमधली साधी मजकुराची फाइल. क्लॉड कोड सुरू होताना ‘क्लॉड डॉट एमडी’ ही फाइल वाचतो. ‘एजंट्स डॉट एमडी’ ही फाइल अनेक कंपन्यांचे सहायक वाचतात. दुसऱ्या प्रकारात नोंदी वेगळ्या साठ्यात राहतात आणि लागेल तेव्हा शोधून आणल्या जातात. सहायकाला अशी बाहेरची साधनं जोडण्यासाठी अँथ्रोपिक कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एमसीपी’ हा खुला नियमसंच जाहीर केला. काही साधनांत सहायक स्वतःच धडा लिहून ठेवतो.

आपल्याकडच्या दुकानाच्या किंवा पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरसाठी अशा नोंदी असू शकतात :

- तारखेत आधी दिवस, मग महिना. ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल, ४ मे नव्हे.
- आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. जानेवारीपासून हिशेब धरू नये.
- जुन्या फाइली क्रुतिदेव फाँटमध्ये आहेत. युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय नावं शोधू नयेत.

रोजकीर्द नको, खतावणी हवी

घडलेलं सगळंच लिहिलं तर ती रोजकीर्द होते. सहायक एका वेळी ठरावीक मजकूरच समोर ठेवू शकतो. वही फुगली की खर्च वाढतो आणि कामाची नोंद गर्दीत हरवते. म्हणून खतावणीसारखं विषयवार आणि थोडक्यात लिहावं : काय चुकलं, का चुकलं, पुढं काय करायचं, हे कुठं लागू आहे आणि नोंद कधीची.

चुकीचा धडा जास्त महाग

खरा धोका पुढंच आहे. समजा, जीएसटीच्या हिशेबाची चाचणी नापास होतेय. कारण न शोधता सहायकानं ‘ही चाचणी वगळावी’ असा धडा लिहिला, तर पुढचं प्रत्येक सेशन तो पाळण्याची शक्यता असते. एकदाची चूक मग नियम बनते. बिलं चुकत राहतात आणि नोटीस दुकानदाराच्या नावानं येते.

नियम बदलला तरी जुनी नोंद तशीच राहते, हा दुसरा धोका. तिसरा धोका बाहेरच्या मजकुराचा. सहायकानं वाचलेल्या परक्या फाइलीत कुणी मुद्दाम सूचना पेरली असेल तर तीही वहीत शिरू शकते. पासवर्ड, आधार क्रमांक, ग्राहकांची नावं तर या वहीत कधीच नकोत.

तपासणी कुणाची?

माणसाचीच. सहायकानं नोंद सुचवावी, जबाबदार माणसानं वाचून ती पक्की करावी. फाइल ‘गिट’मध्ये ठेवली तर कुणी, कधी, काय बदललं ते दिसतं. दर काही महिन्यांनी वही वाचून शिळ्या नोंदी काढाव्यात.

छिंदवाडा, बैतूल, बुऱ्हाणपूर असो की अमरावती, गोंदिया, छोट्या दुकानाचं सॉफ्टवेअर बरेचदा एकच मुलगा सांभाळतो. तो उद्या नागपूर, इंदूर नाहीतर पुण्याला गेला की सगळी माहिती त्याच्या डोक्यातच निघून जाते. त्यामुळे काम करून घेताना कोडसोबत ही वहीही आपल्या ताब्यात मिळेल, असं आधीच ठरवून घ्यावं. पैसे आपण मोजलेत, तर त्यातून आलेलं शहाणपणही आपल्याकडेच राहायला हवं.