तोबोल्स्कचा यात्रेकरू : रास्पुतिनचे पूर्वायुष्य

ग्रिगोरी येफीमोविच रास्पुतिन याच्याविषयी जे विपुल लेखन झाले, ते बहुतांशी त्याच्या आयुष्यातील अखेरच्या अकरा वर्षांचे आहे. त्याआधीची छत्तीस वर्षे, म्हणजे एकूण आयुष्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग, सैबेरियातील एका खेड्यात आणि रशियन साम्राज्यातील मठामठांना जोडणाऱ्या रस्त्यांवर गेला. या पूर्वार्धाकडे पाहिल्याशिवाय एक अशिक्षित शेतकरी सम्राटाच्या दिवाणखान्यात कसा पोहोचला याचा उलगडा होत नाही, आणि संमोहन किंवा कारस्थान अशी सोपी स्पष्टीकरणे पुढे करावी लागतात.

तोबोल्स्क प्रांतातील पोक्रोव्स्कोये हे गाव तुरा नदीच्या काठी, त्युमेनहून तोबोल्स्ककडे जाणाऱ्या टपालमार्गावर वसलेले होते. उरल पर्वताच्या पश्चिमेकडे १८६१ पर्यंत कोट्यवधी शेतकरी जमीनदारांचे भूदास होते. सैबेरियात मात्र जमीनदारवर्ग जवळजवळ नव्हताच, आणि तेथील शेतकरी थेट राज्याला कर भरणारा, त्या मानाने ताठ मानेचा आणि बऱ्यापैकी खाऊनपिऊन असणारा होता. रास्पुतिनचा बाप येफीम शेती करी, शिवाय प्रवासी व माल वाहून नेणारी घोडागाडीही हाकी. त्यामुळे हद्दपार झालेले कैदी, व्यापारी, नव्या जमिनीच्या शोधात निघालेली कुटुंबे आणि तीर्थयात्री अशा सर्वांची ये-जा या घराने दारातून पाहिलेली होती. त्याच्या लहानपणीचे सैबेरिया जगापासून तुटलेले अरण्य असल्याचे जे चित्र रंगवले जाते, त्याला निदान या गावापुरता आधार नाही.

त्याचा जन्म ९ जानेवारी १८६९ रोजी झाला. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना चालत असे. आजच्या कालगणनेप्रमाणे ही तारीख २१ जानेवारी येते. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि तो दिवस निस्साच्या संत ग्रेगरीचा असल्याने प्रथेप्रमाणे त्याला तेच नाव मिळाले. चर्चच्या जन्मनोंदींतून हे निश्चित होईपर्यंत चरित्रकारांनी त्याच्या जन्मासाठी १८६० च्या दशकारंभापासून १८७० नंतरपर्यंतची निरनिराळी वर्षे दिली होती. त्याच नोंदींवरून असेही दिसते की येफीम आणि त्याची पत्नी आन्ना यांची बहुतेक अपत्ये बालपणीच दगावली. १८८७ मध्ये ग्रिगोरीचा विवाह प्रास्कोव्ह्या दुब्रोविना या त्याच्याहून वयाने थोड्या मोठ्या असलेल्या शेतकरी मुलीशी झाला. त्यांच्या मुलांपैकी दिमित्री, मात्र्योना आणि वार्वारा ही तिघेच मोठी झाली. १८९७ च्या जनगणनेत तो बापाच्या कुटुंबातला, अठ्ठावीस वर्षांचा निरक्षर शेतकरी म्हणून नोंदला गेला आहे.

त्याच्या तारुण्यातील दारूबाजीच्या, मारामाऱ्यांच्या आणि घोडेचोरीच्या कथा प्रसिद्ध आहेत. मात्र त्यांतील बहुतेक कथा तो साम्राज्यभर गाजल्यानंतर, त्याचे शत्रू आणि वार्ताहर गावात विचारपूस करत फिरू लागल्यावर नोंदल्या गेल्या. दारू तो पीत असे हे त्याने स्वतःही नाकारले नाही, परंतु चोरीच्या आरोपांना समकालीन न्यायालयीन कागदपत्रांचा भक्कम आधार मिळत नाही. याउलट त्याच्या मुलीच्या आठवणींत बालपणापासूनच अतींद्रिय दृष्टी लाभलेला मुलगा दिसतो, आणि तो पुरावाही तितकाच डळमळीत आहे.

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारास त्याने जो मार्ग धरला, तो रशियन समाजात फार जुना आणि मान्य होता. स्त्रान्निक म्हणजे घर सोडून, भिक्षा मागत किंवा वाटेत मजुरी करत, एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाकडे पायी जाणारा यात्रेकरू. कीव्हच्या गुंफामठापासून श्वेतसमुद्रातील सोलोव्हेत्स्की बेटापर्यंत हजारो माणसे अशी चालत असत, आणि अशा यात्रेकरूला रात्रीचा आसरा आणि भाकरी देणे हे शेतकरी घरात पुण्यकर्म मानले जाई. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रकारची माणसे लोकमानसात वसलेली होती: वेडेपणाचे सोंग घेऊन, किंवा खरोखरच वेडसर असून, ईश्वराच्या नावाने स्पष्ट बोलणारा युरोदिवी, आणि दीर्घ तपाने दुसऱ्याचे अंतःकरण ओळखण्याची शक्ती लाभलेला मार्गदर्शक, ज्याला स्तारेत्स म्हणत. स्तारेत्स बहुधा मठवासी असे, पण ती पदवी चर्च देत नसे. लोकांच्या श्रद्धेनेच ती मिळे. ऑप्टिना मठातील आम्ब्रोसी या स्तारेत्सच्या भेटीला दस्तयेव्हस्की १८७८ मध्ये गेला होता, आणि १८८१ मध्ये टॉलस्टॉय शेतकऱ्याचा वेष करून त्याच मठाकडे पायी निघाला होता. त्याच दशकात काझान येथे एका अनाम यात्रेकरूचे आत्मकथन प्रसिद्ध झाले, ज्यात येशूच्या नावाचा अखंड जप करत देशभर हिंडणाऱ्या माणसाची साधना वर्णिलेली आहे. थोडक्यात, शेतकऱ्याच्या तोंडून खरा धर्म ऐकावा ही ओढ सुशिक्षित रशियात रास्पुतिन येण्यापूर्वीच तयार झालेली होती.

राज्ययंत्रणेचा मात्र भटक्यांवर कधीच विश्वास नव्हता. शेतकऱ्याला गाव सोडून दूर जायचे तर परवाना लागे, आणि पहिल्या पीटरने १७२१ मध्ये चर्चचे प्रमुखपद रद्द करून त्याचा कारभार ‘पवित्र सिनोड’ या सरकारी नियंत्रणाखालील मंडळाकडे सोपवल्यापासून धर्मगुरूही एक प्रकारचे शासकीय नोकरच झाले होते. सतराव्या शतकातील विधिसुधारणा नाकारणाऱ्या जुन्या श्रद्धेच्या लोकांमधून तर परवाना हीच सैतानाची मोहर मानणारा आणि पळत राहणे हेच व्रत समजणारा एक पंथही निघाला होता. त्यामुळे अनुमती नसलेला यात्रेकरू पोलिसांच्या दृष्टीने भुरटा ठरे, आणि घरात प्रार्थनासभा भरवणारा शेतकरी पाद्र्याच्या दृष्टीने पाखंडी.

रास्पुतिनच्या जीवनाला वळण लागले ते उरलच्या पूर्वउतारावरील व्हेर्खोतुर्ये येथील संत निकोलसच्या मठात. या मठाची स्थापना १६०४ ची, आणि १७०४ पासून तेथे संत सिमेऑन यांचे अवशेष ठेवलेले असल्याने सैबेरियातून यात्रेकरूंची रीघ लागे. तेथे काही महिने राहून आणि मठाजवळच्या अरण्यात एकांतवास करणाऱ्या माकारी या स्तारेत्सच्या सहवासात येऊन तो परतला, तेव्हा त्याने दारू, मांस आणि तंबाखू सोडल्याचे सांगितले जाते. मठात तो राहिला नाही, संन्यासदीक्षा त्याने घेतली नाही आणि धर्मगुरूचे कोणतेही पद त्याच्याकडे कधीच आले नाही. त्याला ‘वेडा संन्यासी’ म्हणण्याची पाश्चात्त्य लेखनातील सवय मुळातच चुकीची आहे.

१९०७ मध्ये तयार झालेल्या आपल्या आत्मकथनात त्याने त्या वर्षांचे वर्णन केले आहे. दुसऱ्याच्या हाताने सुधारलेला हा मजकूर असला, तरी त्यातील काही भाग कल्पनेने रचता येण्यासारखे नाहीत. दिवसाला चाळीस-पन्नास व्हर्स्ट (एक व्हर्स्ट म्हणजे एक किलोमीटरहून किंचित जास्त) चालणे, उपाशी राहणे आणि महिनोन्महिने अंगावरचे कपडे न बदलणे असे तपशील त्यात येतात. याहून लक्षणीय आहे तो त्याने काढलेला निष्कर्ष: भटकंती काही महिन्यांपुरतीच असावी, वर्षानुवर्षे चालत राहणारे लोक शेवटी इतरांना दोष देत बसतात आणि मार्गभ्रष्ट होतात, असे तो बजावतो. स्वतः तो शेतीच्या कामांसाठी गावी परतत असे. संसार न सोडता यात्रेकरू राहण्याचा हा प्रकार पुढे त्याच्या फार उपयोगी पडला, कारण राजधानीतल्या लोकांना त्याच्यात मठाची शिस्त नव्हे, तर मातीचा वास हवा होता.

गावी त्याच्याभोवती नातलग आणि शेजाऱ्यांचे एक लहानसे मंडळ जमले. घराखालील तळघरात प्रार्थना आणि भजने होत, स्त्रिया त्याची सेवा करत, आणि स्थानिक पाद्र्याला ते खुपू लागले. त्यातून आरोप झाला तो ख्लिस्त असल्याचा. ख्लिस्त हा सतराव्या शतकापासून गुप्तपणे चालत आलेला पंथ. देहभान हरपेपर्यंत नाचत-गात देवाला अंगात आणणे ही त्याची साधना, आणि तिची परिणती स्वैराचारात होते असा चर्चचा समज होता. कोणत्याही अनधिकृत सभेला हा शिक्का मारता येत असल्याने तो आरोप सोयीचाही होता.

गावचा पाद्री संशय घेत असतानाच वरिष्ठ धर्माधिकारी मात्र त्याच्यावर प्रसन्न होत होते, आणि या सगळ्या प्रकरणाचे मर्म तेथेच आहे. व्होल्गाकाठच्या काझान शहरात त्याने तेथील मठाधिपती आणि उच्चपदस्थांवर छाप पाडली, आणि बिशप ख्रिसांफ यांनी त्याला सेंट पीटर्सबर्गच्या धर्मविद्यापीठाचे प्रमुख सर्गेई यांच्या नावे शिफारसपत्र दिले. ते घेऊन तो राजधानीत आला. जुनी चरित्रे हे १९०३ मध्ये झाले असे म्हणतात, तर अलीकडचे संशोधन १९०४ चा शेवट किंवा १९०५ चा आरंभ धरते. विद्यापीठातील विरक्त वृत्तीचे विद्वान फिओफान त्याच्या शास्त्रवचनांच्या सहज विवरणाने आणि माणसे ओळखण्याच्या हातोटीने भारावून गेले, आणि त्यांनीच त्याला माँटेनेग्रोच्या राजकन्या मिलित्सा व अनास्तासिया यांच्याकडे नेले. मिलित्सा ही सम्राटाच्या चुलत घराण्यातील ग्रँड ड्यूक प्योत्र निकोलायेविच याची पत्नी. याच भगिनींनी १९०१ मध्ये ल्यों शहरातील फिलिप नावाचा फ्रेंच आरोग्यदाताही सम्राट-सम्राज्ञीपुढे आणला होता. १९०३ मध्ये सम्राट निकोलसने सारोव येथे जाऊन संत सेराफीमच्या संतपदप्रदानाच्या सोहळ्यात भाग घेतला, १९०४ मध्ये जन्मलेला युवराज रक्त न गोठण्याच्या आजाराने ग्रस्त निघाला, आणि १९०५ च्या क्रांतीने १७ ऑक्टोबरला निकोलसला निवडून दिलेले लोकप्रतिनिधी-मंडळ मान्य करणे भाग पाडले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १ नोव्हेंबर १९०५ रोजी (आजच्या कालगणनेने १४ नोव्हेंबर), त्याने आपल्या दैनंदिनीत तोबोल्स्क प्रांतातील ग्रिगोरी नावाच्या एका देवमाणसाशी ओळख झाल्याची नोंद केली.

राजवाड्यापर्यंतची ही वाट चोरवाट नव्हती. एका धर्माधिकाऱ्याने दुसऱ्याकडे दिलेल्या पत्रांनी आणि ओळखींनी ती आखलेली होती, आणि म्हणूनच पुढे त्याला रोखू पाहणाऱ्या चर्चला आपल्याच शब्दांविरुद्ध बोलावे लागले. सप्टेंबर १९०७ मध्ये तोबोल्स्कच्या धर्मखात्याने तो ख्लिस्त असल्याच्या संशयावरून चौकशी उघडली. ती थांबवली गेली, पुन्हा उघडली गेली, आणि १९१२ मध्ये बिशप अलेक्सी यांच्या कारकिर्दीत त्याला निर्दोष ठरवून कायमची मिटवण्यात आली. त्याला राजधानीच्या दारात नेणारे फिओफान एव्हाना त्याचे विरोधक बनले होते आणि त्यांची बदली क्रिमियात झालेली होती.