मोडलेला घोटा, सन 1940

सन 1940. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेलाय. तुम्ही परभणी जिल्ह्यात, गंगाखेडच्या परिसरातल्या एका गावात आहात. मुलूख निजामाचा, खिशातला रुपया हाली शिक्क्याचा. गोदावरीला इथं सगळे गंगाच म्हणतात. सरकीचं बी काढून ठेवलेलं आहे. वापसा आला की तिफणी चालू होतील.

रान बघायला तुम्ही धुऱ्यावरून निघता. काळी माती तळव्याला थरावर थर चिकटते, पाऊल जड होतं आणि उजवा पाय आतल्या अंगाला वळतो. कट्ट! उठायला जाता, पण चार पावलंही टाकवत नाहीत. घोट्याच्या बाहेरच्या हाडाची मागची कड दाबली की कळ थेट मस्तकात जाते. पाय नुसता मुरगळलाय की हाड मोडलंय, हे ठरवायला एक्स-रे काढावा, असं सांगणाऱ्या याच खुणा. कॅनडातल्या ओटावाचे डॉक्टर त्यांचा नियम 1992 साली मांडणार आहेत. एक्स-रेचा शोध 1895 सालीच लागलाय. पण तुमच्या गावातून बैलगाडीसुद्धा आज चिखलाबाहेर निघणार नाही.

चौघं तुम्हाला बाजेवर घालून घरी आणतात. हाडवैद्य येतात. आधी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघतात, मग चांगल्या पायावरून बोटं फिरवतात आणि शेवटी दुखऱ्या पायावरून. काका तुमचा गुडघा आवळून धरतात, वैद्य टाच धरून सरळ ओढ देतात. डोळ्यांपुढं अंधारी येते. घोट्याभोवती पिंजलेला कापूस, त्यावर कळकाच्या कामट्या, वरून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. पट्टी बांधून होताच म्हणतात, "कामून घाबरायलाव? बोटं हलवा बरं." नख दाबून सोडतात, पांढरं पडलेलं नख पुन्हा लाल होईपर्यंत नजर काढत नाहीत. "लई आवळलं तर पाय काळा पडतो."

सुश्रुतसंहितेत हेच सांगितलंय: पट्टी सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही, घट्ट असेल तर सूज आणि वेदना वाढतात. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी ती सोडून बांधावी. हाड जुळायला कोवळ्या वयात एक महिना, मध्यम वयात दोन, उतारवयात तीन.

पण वैद्यांच्या बोटांना कातड्याच्या आतलं दिसत नाही. एकाच बाजूचं हाड चिरलं असेल आणि सांधा जागेवर असेल, तर तुम्ही बरे व्हाल. दोन्ही बाजूंची हाडं मोडून मधलं हाड खोबणीतून थोडं जरी सरकलं असेल, तर पाय वाकडा जुळेल, सांधा झिजेल, लंगडणं जन्मभर राहील. गावात असा एखादा आजोबा असतोच, आणि त्याच्या वैद्यानंही जीव ओतूनच पट्टी बांधलेली असते.

तुमचं नशीब बरं. दीड महिन्यानं कामट्या निघतात. पोटरी वाळलीय, घोटा लाकडासारखा ताठ झालाय. काठी टेकत, रोज थोडं जास्त वजन देत तुम्ही चालायला शिकता. संध्याकाळी येणारी सूज पुढं कितीतरी महिने सोबत करते.

आता आजच्या परभणीत या. सरकलेलं हाड एक्स-रेत दिसतं, गरज पडली तर धातूची पट्टी आणि स्क्रू लावून जागेवर बसवता येतं. त्या आजोबाचा पाय आज वाचला असता. म्हणून घोटा मोडल्याची शंका आली की चोळत, ओढत वेळ घालवू नका, एक्स-रे काढा. आणि प्लास्टर कितीही चांगल्या हातानं घातलेलं असो, घरी आल्यावर बोटं हलवून बघा, नख दाबून बघा. बोटं बधिर, गार किंवा निळी पडली, वेदना वाढतच गेली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा.