इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (मोटरसायकल)

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल ही मोटरसायकलच्या इंजिनात जाणाऱ्या हवेचे प्रमाण विद्युत संकेतांच्या साहाय्याने नियंत्रित करणारी प्रणाली आहे. 'राइड-बाय-वायर' आणि 'थ्रॉटल-बाय-वायर' या नावांनीही ती ओळखली जाते. पारंपरिक रचनेत अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळली की केबल थ्रॉटलची झडप प्रत्यक्ष ओढून उघडते. इलेक्ट्रॉनिक रचनेत मूठ किती पिळली हे सेन्सर मोजतो, ईसीयू म्हणजे इंजिनाचा नियंत्रण संगणक झडप किती उघडायची ते ठरवतो आणि एक छोटी विद्युत मोटर ती झडप फिरवते. मूठ व झडप यांच्यात थेट यांत्रिक दुवा नसल्यामुळे या प्रणालीतील बिघाड केबलच्या बिघाडापेक्षा वेगळ्या रीतीने प्रकट होतात आणि वेगळ्या क्रमाने शोधावे लागतात.

इतिहास

मोटारगाड्यांमध्ये ही प्रणाली १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यू कंपनीच्या गाड्यांत दिसू लागली. मोटरसायकलींच्या क्षेत्रात यामाहा कंपनीने २००६ सालच्या वायझेडएफ-आर६ या गाडीत 'यामाहा चिप कंट्रोल्ड थ्रॉटल' ही प्रणाली आणली. त्या गाडीत मुठीपासून निघणाऱ्या केबल कायम होत्या. मात्र त्या झडपेपर्यंत न जाता सेन्सरपर्यंत जात. त्यामुळे गाडीला केबल आहे, एवढ्यावरून तिचा थ्रॉटल यांत्रिकच आहे असे म्हणता येत नाही.

भारतात २०१७ सालच्या केटीएम ३९० ड्यूक या गाडीत ही प्रणाली आली. ही गाडी पुण्याजवळील चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होते. पुढे टीव्हीएस अपाची आरआर ३१० (२०२०), ट्रायम्फ स्पीड ४०० (२०२३) आणि नवी रॉयल एनफील्ड हिमालयन (२०२३) यांतही ती वापरली गेली. प्रदूषणाचे कडक निकष, चालवण्याच्या निरनिराळ्या पद्धती निवडण्याची सोय, चाक घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल आणि क्रूझ कंट्रोल या गरजांमुळे तिचा प्रसार झाला.

रचना

प्रणालीचे चार मुख्य भाग असतात : मुठीची स्थिती मोजणारा सेन्सर, ईसीयू, थ्रॉटल बॉडी आणि या सर्वांना जोडणारे वायरिंग. थ्रॉटल बॉडीमध्ये झडप, ती फिरवणारी मोटर, दातेरी चाके, झडप मूळ स्थितीत आणणारी स्प्रिंग आणि झडपेची स्थिती मोजणारा सेन्सर असतो.

मुठीच्या व झडपेच्या दोन्ही सेन्सरांत सामान्यतः दोन-दोन स्वतंत्र मंडले असतात. त्यांना ईसीयूकडून बहुधा ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो. काही गाड्यांत दुसऱ्या मंडलाचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा असतो. म्हणजे पहिले २ व्होल्ट दाखवत असेल तर दुसऱ्याने १ व्होल्ट दाखवणे अपेक्षित असते. काही गाड्यांत एकाचा व्होल्टेज वाढतो तेव्हा दुसऱ्याचा तितकाच घटतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरांत पट्टीवर सरकणारा संपर्क असतो आणि तो वापराने झिजतो. चुंबकीय क्षेत्रावर चालणाऱ्या हॉल सेन्सरांत असा संपर्क नसतो.

सुरक्षा व्यवस्था

दोन मंडलांची मोजमापे एकमेकांशी जुळतात का, तसेच झडप आदेशाप्रमाणे फिरली का, हे ईसीयू सतत पडताळत असतो. विसंगती आढळल्यास कोणते मोजमाप खरे मानावे हे त्याला ठरवता येत नाही. झडप अनावश्यक उघडी राहणे धोकादायक असल्याने तो मोटरचा पुरवठा मर्यादित करतो किंवा तोडतो. पुरवठा तुटल्यास स्प्रिंग झडपेला जवळजवळ बंद स्थितीत आणते. या मर्यादित अवस्थेला 'लिंप मोड' म्हणतात. तीत गाडी रेस घेत नाही किंवा अगदी कमी वेगाने चालते. चालकाला हा इंजिनाचा बिघाड वाटतो. प्रत्यक्षात तो संरक्षणासाठी घेतलेला निर्णय असतो. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न 'शक्ती का कमी झाली' हा नसून 'ईसीयूला कोणत्या मोजमापावर विश्वास ठेवता आला नाही' हा असतो.

बिघाडाची लक्षणे

• मीटरवरील इंजिनाचा दिवा लागणे आणि ठरावीक मर्यादेपुढे रेस न वाढणे.
• हँडल एका बाजूला वळवल्यावरच दोष दिसणे. हे बहुधा हँडलच्या मानेजवळ वायर ताणली गेल्याचे किंवा आतून तुटल्याचे चिन्ह असते.
• पावसात किंवा गाडी धुतल्यानंतर दोष येणे व वाळल्यावर जाणे. यात कपलरमध्ये पाणी शिरल्याचा संशय घ्यावा लागतो.
• आयडलिंग वरखाली होणे किंवा मूठ सोडल्यावर इंजिन बंद पडणे. झडपेच्या कडेला काजळी साचल्याने असे होऊ शकते.
• बॅटरी बदलल्यानंतर किंवा काढून लावल्यानंतर लगेच दोष सुरू होणे.

निदानाचा क्रम

१. विद्युतपुरवठा. स्थिर अवस्थेत पूर्ण चार्ज असलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा व्होल्टेज सुमारे १२.६ असतो आणि इंजिन चालू असताना तो साधारण १३.५ ते १४.५ असावा लागतो. बॅटरी अशक्त असेल किंवा टर्मिनल सैल असतील तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज कोसळतो आणि ईसीयू थ्रॉटलचा खोटा दोष नोंदवू शकतो. अर्थिंगची जोडणीही याच वेळी तपासली जाते.

२. दोषांक वाचणे. दोषांक पुसण्यापूर्वी ते लिहून ठेवणे आवश्यक असते. पी ०१२२ व पी ०१२३ हे झडपेच्या सेन्सरचा व्होल्टेज अनुक्रमे फार कमी व फार जास्त असल्याचे दाखवतात. पी २१२२ व पी २१२३ मुठीच्या सेन्सरबाबत तेच सांगतात. पी २१३५ म्हणजे झडपेच्या आणि पी २१३८ म्हणजे मुठीच्या सेन्सरची दोन मंडले परस्परांशी न जुळणे. पी २१०० मोटरच्या मंडलाशी, तर पी २१११ व पी २११२ झडप उघडी किंवा बंद अडकण्याशी संबंधित आहेत. काही कंपन्या स्वतःचे वेगळे दोषांक वापरतात. दोषांक मंडलाकडे बोट दाखवतो. कोणता सुटा भाग खराब आहे हे तो सांगत नाही.

३. वायरिंग व कपलर. चावी बंद करून कपलर उघडले जातात आणि हिरवट गंज, वाकलेल्या पिना, ओलावा व तुटलेले रबरी सील पाहिले जातात. त्यानंतर कपलर जोडून, चावी चालू ठेवून वायरिंग हलके हलवले जाते व हँडल दोन्ही बाजूंना वळवले जाते. या वेळी मोजमाप उडी घेत असेल तर दोष वायरमध्ये असण्याचा संभव अधिक असतो.

४. सेन्सरची मोजणी. मूठ हळूहळू पिळताना दोन्ही मंडलांचा व्होल्टेज मल्टिमीटरवर किंवा स्कॅनरवर सलग बदलायला हवा. मध्येच तो शून्यावर जाणे किंवा दोन मंडलांचे ठरलेले प्रमाण बिघडणे हे सेन्सर झिजल्याचे लक्षण असते. ५ व्होल्टचा पुरवठाच पोहोचत नसेल तर सेन्सरला दोष देता येत नाही. केबल असलेल्या गाड्यांत केबलचा मोकळेपणाही पाहावा लागतो.

५. थ्रॉटल बॉडी. काजळी असल्यास थ्रॉटल बॉडीसाठीच्या द्रवाने ती मऊ कापडावर पुसून काढतात. तीव्र द्रावकामुळे आतील लेप व सील खराब होऊ शकतात. चावी चालू असताना झडप बोटाने उघडू नये; मोटर अचानक फिरून बोटाला इजा होऊ शकते आणि बोटाच्या जोराने दातेरी चाके मोडू शकतात.

६. पुनर्शिक्षण. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर किंवा बदलल्यावर झडपेची बंद स्थिती ईसीयूला पुन्हा ओळखू द्यावी लागते. काही गाड्यांत यासाठी मूठ न पिळता चावी काही काळ चालू ठेवणे पुरते, तर काहींत स्कॅनर लागतो. नेमकी कृती त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

हा क्रम स्वस्त व सोप्या तपासणीकडून महाग तपासणीकडे जातो. अनेक गाड्यांत झडपेचा सेन्सर थ्रॉटल बॉडीतच बसवलेला असल्याने तो सुटा मिळत नाही आणि संपूर्ण भाग बदलावा लागतो. त्यामुळे केवळ दोषांकावरून भाग बदलल्यास मोठा खर्च होऊनही मूळचा गंजलेला कपलर तसाच राहू शकतो.

समान लक्षणे असलेले इतर दोष

कमजोर इंधन पंप, तुंबलेला एअर फिल्टर किंवा खराब स्पार्क प्लग यांमुळेही गाडी रेस घेत नाही. अशा वेळी थ्रॉटलचा दोषांक बहुधा नसतो आणि स्कॅनरवर झडप मुठीच्या प्रमाणात उघडताना दिसते.

रस्त्यावरील सुरक्षितता

चालू गाडीची शक्ती अचानक घटल्यास ओव्हरटेक करणे सोडून, इंडिकेटर देऊन रस्त्याच्या डाव्या कडेला थांबणे सुरक्षित ठरते. मूठ सोडूनही इंजिनाचा वेग उतरला नाही तर क्लच दाबून किल स्विचने इंजिन बंद करावे लागते. चावी बंद करून पुन्हा चालू केल्यावर काही वेळा गाडी पूर्ववत चालते. परंतु कारण दूर झालेले नसल्याने तोच दोष भर रहदारीत पुन्हा उद्भवू शकतो.

देखभाल

उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा हँडलवरील स्विच, कपलर व थ्रॉटल बॉडी यांवर थेट मारणे टाळावे लागते. कोकण व गोव्यासारख्या किनारी प्रदेशांत खारी, दमट हवा आणि दीर्घ पावसाळा यांमुळे पिना लवकर गंजतात. तेथे कपलरची सील पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणे उपयुक्त ठरते. हँडल बदलताना किंवा जादा दिवे बसवताना सेन्सरच्या वायरींना जोड देणे किंवा त्या ताणणे हेही पुढील बिघाडांचे कारण ठरू शकते.