तळटीप १७ : ‘देऊळ फिरले’
१७. औंढा नागनाथचा नंदी देवळाच्या मागच्या अंगाला आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, हे कारण औंढ्यात कोणीही सांगेल. नामदेवांचे नरसी याच हिंगोली जिल्ह्यातले. मूळ लेखकाने ही कथा ‘भाबडी समजूत’ म्हणून एका ओळीत निकालात काढली आहे. कलेतिहासात तेव्हा भाविकाला जागा होती ती मूर्तीवर तेल-शेंदूर थापणारा म्हणूनच. पाहणे हे तज्ज्ञाचे काम! वास्तविक नंदी जागेवर नाही, हे आधी टिपले ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनीच. कथा ही त्या निरीक्षणाची नोंद. खाली कोरीव काळा दगड आणि वर विटा-चुन्याचे पांढरे काम, हा जीर्णोद्धाराचा सांधाही प्रदक्षिणा घालणाऱ्याला आपसूक दिसतो. (हे वरचे काम अहिल्याबाई होळकरांचे, असे सांगतात.) आता तर यात्रेकरूच्या मोबाइलमधला तारीखवार फोटोही अभ्यासकाच्या उपयोगी पडतो. म्हणून या आवृत्तीत कथा पूर्ण दिली आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधीच्या पुस्तकांत औंढा परभणी जिल्ह्याखाली शोधावे. — संपा.