इंटरनेट पेनी शेअर : अप्रत्यक्ष हिश्श्याचे गणित

एखाद्या इंटरनेट कंपनीचे समभाग बाजारात येणार अशी बातमी आली, की सट्टेबाजांची नजर त्या कंपनीबरोबरच तिच्यात हिस्सा असलेल्या दुसऱ्या कंपनीकडेही वळते. प्राथमिक विक्रीत (आयपीओ) सामान्य गुंतवणूकदाराच्या वाट्याला फारसे समभाग येत नाहीत आणि पहिल्याच दिवशी भाव भडकलेला असतो. अशा वेळी नव्या कंपनीचे भागभांडवल बाळगून असलेली, आधीपासून बाजारात असलेली कंपनी स्वस्त वाटू लागते. उसाबरोबर एरंडालाही पाणी मिळेल, हा त्यामागचा हिशेब. अमेरिकेत १९९८ ते २००० या काळात हा खेळ टिपेला पोहोचला होता. त्यातील कित्येक समभाग पुढे एक डॉलरच्याही खाली गेले.

पेनी शेअर म्हणजे काय?

अमेरिकेत सर्वसाधारणपणे ५ डॉलरपेक्षा कमी भावाच्या, मोठ्या शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या समभागांना पेनी शेअर म्हणतात. आपल्याकडे १० रुपयांच्या आतबाहेर भाव असलेल्या छोट्या कंपन्यांच्या समभागांसाठी हा शब्द वापरला जातो. अशा समभागांची उलाढाल अत्यल्प असते, माहिती तुटपुंजी असते आणि थोड्याशा खरेदीनेही भाव उसळतो. अमेरिकेतील ‘ओटीसी बुलेटिन बोर्ड’वर तर नियामकाकडे हिशेब सादर न करणाऱ्या कंपन्यांचेही व्यवहार होत असत. १९९९ मध्ये मंजूर झालेल्या नियमाने तेथे हिशेब देणे बंधनकारक झाले.

हिशेब कसा मांडावा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ या कंपनीचे २ कोटी समभाग आहेत. नव्याने बाजारात येणाऱ्या ‘ब’ या इंटरनेट कंपनीचे ५० लाख समभाग तिच्याकडे आहेत. म्हणजेच ‘अ’च्या प्रत्येक समभागामागे ‘ब’चा पाव समभाग येतो. ‘ब’चा भाव ४० रुपयांवरून ६० रुपयांवर गेला, तर ‘अ’च्या समभागाचे मूल्य ५ रुपयांनी वाढते. प्रत्यक्षात मात्र बातमीच्या जोरावर ‘अ’चा भाव ८ रुपयांवरून २५ रुपयांवर जातो. वाढलेल्या १७ रुपयांपैकी ५ रुपयांनाच आधार असतो, उरलेले १२ रुपये निव्वळ आशेचे असतात. ‘अ’वर कर्ज असेल किंवा हिस्सा विकल्यावर कर भरावा लागणार असेल, तर हा आधार आणखी घटतो.

वजाबाकी चुकली तेव्हा

या सट्ट्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण थ्रीकॉम आणि पाम या कंपन्यांचे आहे. हातात मावणारे संगणक बनवणाऱ्या पाम या उपकंपनीचे सुमारे ५ टक्के भागभांडवल थ्रीकॉमने २ मार्च २००० रोजी बाजारात आणले. उरलेला हिस्सा काही महिन्यांत थ्रीकॉमच्या भागधारकांना वाटला जाणार होता. एका समभागामागे पामचे साधारण दीड समभाग मिळणार होते. ३८ डॉलरला विकलेला पामचा समभाग पहिल्या दिवशी ९५ डॉलरवर बंद झाला. त्या हिशेबाने थ्रीकॉमचा भाव किमान १४५ डॉलर हवा होता. तो होता सुमारे ८२ डॉलर. म्हणजे पाम वगळता थ्रीकॉमच्या उर्वरित व्यवसायाची किंमत बाजाराने शून्याच्याही खाली धरली होती.

अर्थतज्ज्ञ ओवेन लॅमाँट आणि रिचर्ड थेलर यांनी २००३ मध्ये या प्रकरणाची चिकित्सा केली. पामचे उसने समभाग घेऊन विकणे कठीण होते, त्यामुळे ही विसंगती उघड दिसत असूनही बराच काळ टिकली, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. सामान्य गुंतवणूकदारासाठी धडा निराळा आहे. आदल्या दिवशी थ्रीकॉमचा भाव १०४ डॉलर होता. पामला भरघोस प्रतिसाद मिळाला, त्याच दिवशी अप्रत्यक्ष हिश्श्यासाठी थ्रीकॉम घेतलेल्यांचे २१ टक्के बुडाले. पुढे पामचा भावही इतका घसरला, की २००२ मध्ये २० समभागांचा एक करावा लागला.

इंटरनेट कंपन्यांतील हिश्श्यांची मोट बांधणाऱ्या सीएमजीआयचेही तसेच झाले. लायकॉसमधील गुंतवणुकीने नावारूपाला आलेल्या या कंपनीचा भाव जानेवारी २००० मध्ये १६० डॉलरच्या वर होता. २००२ मध्ये तो एक डॉलरखाली होता.

भारतातील धागा

सत्यम इन्फोवे ही कंपनी ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅकवर दाखल झाली. नोव्हेंबरमध्ये तिने ‘इंडियावर्ल्ड’ संकेतस्थळ समूहासाठी ४९९ कोटी रुपयांचा करार केला. त्या वेळी भारतातील सामान्य गुंतवणूकदाराला परदेशी समभाग घेण्याची मुभा नव्हती. रिझर्व्ह बँकेने ती २००४ मध्ये दिली. त्यामुळे या तेजीत शिरण्याचा देशातील मार्ग म्हणजे मूळ कंपनी सत्यम कॉम्प्युटर. लाट ओसरल्यावर २००१ मध्ये नॅस्डॅकवरील सत्यम इन्फोवेचा भाव ५ डॉलरखाली आला.

विक्रीबंदीची मुदत

नोंदणीनंतर जुन्या भागधारकांना ठरावीक काळ समभाग विकता येत नाहीत. त्यामुळे तोवर मूळ कंपनीचा नफा कागदावरच राहतो. झोमॅटोची (आताची इटर्नल) एक वर्षाची मुदत संपल्यानंतर २५ जुलै २०२२ रोजी तिचा भाव सुमारे ११ टक्के कोसळला. ७६ रुपयांना विकलेला समभाग त्या दिवशी ५० रुपयांखाली गेला. तिच्यातील हिश्श्यामुळे चर्चेत राहिलेल्या इन्फो एजकडे नोकरी डॉट कॉमसारखा स्वतःचा चालता व्यवसाय होता. पेनी कंपनीकडे बहुधा तोही नसतो.

काय तपासावे?

हिश्श्याची टक्केवारी नव्हे, तर प्रति समभाग येणारा वाटा काढावा. विक्रीबंदी केव्हा संपते, कर्ज किती आणि हिस्सा वगळता कंपनी काय कमावते, हे ताळेबंदातून पाहावे. प्रवर्तक स्वतः समभाग विकत आहेत का, याकडेही लक्ष द्यावे. ही उत्तरे मिळत नसतील, तर खरेदी टाळणेच शहाणपणाचे. आडातच नसेल, तर पोहऱ्यात येणार कोठून?